विहिणीशी भांडण्याची भाषा

मिरजेत 'डॉक्टर' ही उपाधी लावून भाषाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे येते, ते मी एकोणीस वर्षे भोगतो आहे. या गावात गल्लीगणिक दवाखाना आहे. दारावरची पाटी वाचून लोक आत येतात, जीभ बाहेर काढतात, आणि मी औषध देणारा नव्हे हे कळल्यावर मलाच आजारी समजून सहानुभूतीने निघून जातात. महाविद्यालयातली माझी नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. गेल्या वर्षी माझा विषय वेळापत्रकातून 'नजरचुकीने' वगळला गेला. ती नजर कोणाची, एवढेच विचारणारे माझे सात अर्ज कार्यालयात पडून आहेत. सांगायचे इतकेच, की जानेवारीतल्या एका दुपारी अर्जुना लवटे प्राध्यापक-कक्षाच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी आनंदी होण्याच्या मनःस्थितीत मुळीच नव्हतो. पुढच्या दोन महिन्यांत मला जे हसावे लागले, त्यात माझा काडीमात्र दोष नाही.

पन्नाशीचा, काटक, उन्हाने रापलेला माणूस. डोक्यावर पशुखाद्याच्या कुठल्याशा परदेशी कंपनीची टोपी, तिच्यावर अरबी अक्षरे. बगलेत शंभर पानी वही.

"भाषेचं डाक्टर तुमीच का?"

"मीच. पण जीभ दाखवू नका."

तो खदखदून हसला. इतका, की शेजारी पेपर तपासणाऱ्या अर्थशास्त्राच्या बाईंनी मान वर केली. "जीभ न्हाई सर, वही दावायची हाय. मला एक निकाल पायजे. अरबी का इलोकानो?"

इलोकानो ही फिलिपीन्सच्या उत्तर लुझॉनमधली भाषा. तिचे नाव या कक्षात माझ्याखेरीज कुणी ऐकले असण्याची शक्यता नव्हती, आणि मीही ते संदर्भग्रंथाच्या तळटिपेतच पाहिले होते. एक मेंढपाळ ते नाव जत-मिरज एसटीतून उतरून, धूळ झटकत, पान खाल्ल्यासारखे सहज उच्चारत होता. मी त्याला खुर्ची दिली. कक्षात खुर्च्या कमी आहेत. त्याबद्दलही मी अर्ज केलेला आहे.

अर्जुना जत तालुक्याच्या पूर्वेकडचा, जिथे दारात मराठी आणि गोठ्यात कानडी चालते. बायको मुलगी तीन वर्षांची असतानाच गेली. त्यानंतर तो सौदीत गेला. वाळवंटाच्या कडेला एका मोठ्या मालकाची दोन हजार मेंढरे होती, त्यांच्यामागे तो अकरा वर्षे चालला. मालकाचे हुकूम अरबीत येत. खोलीत सोबतीला पाण्याचा पंप दुरुस्त करणारा दोमिंगो होता, इलोकोस प्रांतातला. दोमिंगोला घराची आठवण आली की बोलण्याची उबळ येई, आणि ती रोज येई. ऐकणारा एकटा अर्जुना. पहिल्या वर्षी दोघे एकमेकांशी मोडक्या अरबीत बोलले. तिसऱ्या वर्षी दोमिंगो कांदा जास्त घातल्याबद्दल इलोकानोत शिव्या देत होता आणि अर्जुना इलोकानोतच त्या परत करत होता.

इकडे त्याची मुलगी अपेक्षा हिला वाढवले त्याच्या थोरल्या बहिणीने, बयाबाईने. बयाबाईला स्वतःचे मूल नाही. मेंढरांमागे फिरता फिरता तिने त्या पोरीला पाठीवर घेतले, मग बोटाला धरले, मग शाळेत घातले, आणि शेवटी मिरजेला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले. अपेक्षा आता रियाधच्या एका रुग्णालयात आहे. तिथेच प्रयोगशाळेत काम करणारा रोडेल हा दोमिंगोचा भाचा. पुढचे मी सांगायला नको. मलाही अर्जुनाने फार सांगितले नाही. तो नुसता लाजला, जणू लग्न त्याचेच होते.

"मग अडचण काय?" मी विचारले. "धर्म?"

"त्यावर आक्का म्हणली, देव आपापसात बघून घेतील."

"अंतर?"

"अंतराचं तिला काय? तिनं पायानं सोलापूर गाठल्यालं हाय." त्याने वही मांडीवर ठेवली. "आक्कानं एकच अट घातली, सर. म्हणली, ज्या विहिणीशी मला भांडता येणार न्हाई, तिच्या घरात माझी पोरगी जाणार न्हाई."

मी एकोणीस वर्षांत इतके शुद्ध भाषाशास्त्रीय विधान ऐकले नव्हते.

बयाबाईचे म्हणणे असे होते. लग्न म्हटले की विहिणी भांडणारच. मानपानावरून, जेवणावरून, कुणाचा पाय आधी उंबऱ्यात पडला यावरून. त्या भांडणातच समोरच्या घराचा स्वभाव कळतो: कोण आतल्या गाठीचे, कोण मोकळे, कोण उद्या पोरीला उपाशी ठेवील आणि कोण नुसतेच ओरडेल. मेंढी विकत घेताना तिचे दात बघावे लागतात, तसे हे. परदेशी विहीण नुसती हसून मान डोलावत राहिली, तर तिचे दात दिसायचे कसे?

"तुम्ही दुभाषी आहात की!"

"मी बी तेच म्हणलो. तर म्हणली, दुभाषा घालून भांडण म्हंजी दुसऱ्याच्या हातानं पाठ खाजवल्यागत. नेमकं तितं पोचत न्हाई."

"इंग्रजी?"

"इंग्रजीत माणूस इस्त्री केल्यागत बोलतो, म्हणं. सुरकुती न्हाई तर कळायचं काय?"

रोडेलच्या आईचे, मिलाग्रोसबाईंचे, इंग्रजी तसेही कामचलाऊच होते. पण त्या कुवेतला बारा वर्षे घरकाम करून आल्या होत्या, म्हणजे अरबी त्यांना येत होती. इलोकानो तर त्यांची मायबोलीच. दोन्ही भाषा अर्जुनाला येत. मार्चअखेर अपेक्षाला घेऊन मायलेक जतला येणार होते. हातात आठ आठवडे. साठीतल्या, निरक्षर बयाबाईला एकच भाषा शिकवणे शक्य होते, तीही भांडणापुरती. म्हणून अर्जुनाने दोन्ही भाषांची तुलना करून वही भरली होती, आणि निकाल द्यायला भाषेचा डॉक्टर शोधत मिरजेत आला होता.

मी वही उघडली. एका बाजूला 'अरबी', दुसऱ्या बाजूला 'इलोकानो', आणि मधल्या ओळी व्याकरणाच्या नव्हत्या. 'जेवायला बोलवताना'. 'मेंढी हरवल्यावर'. 'खोटं बोलताना'. 'माणूस गेल्यावर'. ज्या पद्धतीची मी माझ्या प्रबंधात सव्वाशे पानांची भलामण केली, आणि जी परीक्षकांनी 'अव्यवहार्य' ठरवली, ती पद्धत इथे बॉलपेनने आणि चहाच्या डागांसकट राबवलेली होती.

"ऐका," तो म्हणाला, आणि उभाच राहिला. "दोनी भाषांत आदी काम सांगत्यात, मग माणूस. 'खाल्लं पोरानं भात', असं. आपण काय करतो? पोरानं, सकाळी, चुलीपाशी, आईनं केलेला, गरम गरम भात... तवर पोरगं उठून गेल्यालं असतंय!"

अर्थशास्त्राच्या बाई हसल्या. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"अरबीत बाप्याशी बोलायचं येगळं, बाईशी बोलायचं येगळं. इलोकानोत 'तो' न् 'ती' एकच. दोमिंगो गावाकडची गोष्ट सांगायचा. अर्धी संपली की मला कळायचं, ज्याच्यासंगं भांडण झालं ती त्याची बायकू हुती!"

"आणि उच्चार?"

"अरबी घशाच्या तळातनं. मला सोपं गेलं. मेंढरू वळवताना आपण तोच आवाज काढतो." असे म्हणून त्याने तो प्रसिद्ध अरबी कंठ्य वर्ण काढून दाखवला, जो मला दोन दशकांच्या सरावानंतरही खोकल्यासारखा येतो. खिडकीतले कबूतर उडाले. "इलोकानो जिभंच्या शेंड्यावर. टकाटका. उकळत्या आधणात डाळ पडल्यागत."

"पण खरी गंमत हितं हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आपल्यात 'आपण' येगळं, 'आमी' येगळं. व्हय का न्हाई? 'आपण जेवू' म्हणलं तर तुमी बी पाटावर. 'आमी जेवतो' म्हणलं तर तुमी उठा. अरबीत दोनीला एकच शब्द. इलोकानोत मातूर येगयेगळं हाय, अगदी आपल्यागत. वर आनि तिसरं बी हाय, निस्तं 'तू न् मी' एवढंच. नवरा-बायकूची सोय!"

तेवढ्यात शिपाई आला आणि वर्ग मोकळा असल्याचे सांगून गेला. माझा वर्ग नेहमीच मोकळा असतो.

मी निकाल दिला. तो चुकला, हे मी इथे नमूद करतो. माझ्या क्षेत्रात चूक नमूद करण्याची प्रथा नाही. पण त्या दिवशी माझा युक्तिवाद बिनतोड होता. इलोकानोचा एकही शब्द बयाबाईच्या कानावर पडलेला नाही. अरबीचे काय? मराठी माणसाच्या भांडणाची निम्मी हत्यारेच अरबस्तानातून आलेली आहेत. जुलूम अरबी. इज्जत अरबी. अक्कल, दावा, हरकत, फजिती, हराम, सारे अरबी. 'तक्रार' तर अरबीच, आणि तिथे तिचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणे' असा आहे. माझ्याइतका त्याचा प्रत्यय कोणाला आला असेल? बयाबाईला भाषा शिकवायची नव्हतीच. तिच्याजवळचे शब्द फक्त सुटे करून द्यायचे होते.

"अरबी," मी म्हणालो.

अर्जुनाचा चेहरा क्षणभर पडला. पण डॉक्टर म्हणतो तर खरे असेल, अशी त्याची समजूत झाली. मिरजेत ही समजूत फार जणांना भोवली आहे.

पुढचे काही रविवार मी जतला जात राहिलो. का गेलो, याचे समर्थन माझ्यापाशी नाही. एसटी वेळेवर सुटत नसे, सुटलीच तर वाटेत थांबे, आणि आगारप्रमुखांना लिहिलेल्या पत्रांची पोचही मिळत नसे. तरी मी गेलो. माळावर जोंधळ्याची धाटे उभी असत, मेंढरे त्यांत तोंड घालून पांगलेली असत, आणि मधोमध बयाबाई काठी टेकून अरबीत भांडत उभी असे.

ही बाई मी प्रथम पाहिली तेव्हा ती एका एडक्याला उद्देशून बोलत होती. "तुला अक्कल न्हाई! मा फी अक्कल! लय जुलूम लावलाय!" एडका शांतपणे रवंथ करत होता.

"मास्तर," तिने मला पाहताच विचारले, "अक्कल अरबी?"

"हो."

"जुलूम?"

"अरबी."

"इज्जत? हराम? खलास?"

"सगळे अरबी."

ती काठीवर रेलून हसू लागली. हसता हसता खाली बसली. "आरं आर्जुना, म्हंजी मी जन्मभर अरबीतच भांडत हुते की! आन् तू अकरा वर्सं तिकडं काय शिकलास? हितंच ऱ्हायचं हुतंस माझ्याजवळ!"

तिची प्रगती थक्क करणारी होती. सहाव्या आठवड्यात तिने कुत्र्याला, दूध नेणाऱ्या फटफटीवाल्याला आणि ग्रामपंचायतीच्या एका सदस्याला अरबीत गप्प केले. सदस्याला वाटले हे कानडी आहे. त्याने हद्दीपलीकडच्या मेहुण्याला बोलावले. मेहुण्याला वाटले ही जुनी मराठी. अर्जुना हे सांगताना जमिनीवर लोळला. मीही हसलो, आणि मग मला आठवले की मला हसण्यासारखे काही नाही.

एकदाच तिने हसणे बाजूला ठेवले. संध्याकाळी मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, पोरगी बोलत न्हाई. पर मला ठावं हाय. मी 'न्हाई' म्हणलं तर ती जाणार न्हाई. लगीनच करणार न्हाई. तसली हाय ती. म्हणून मला नीट भांडलं पायजे."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंडळी आली. मिरज स्थानकावरून जीपने. आधी अपेक्षा उतरली आणि धावत आत्याच्या गळ्यात पडली. मग रोडेल, बुटका, गोरटेला, कान लाल झालेला. मग मिलाग्रोसबाई. वय पंचावन्नच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, हातात लसणाची वेणी आणि काळसर पाण्याची बाटली. तीत त्यांच्याकडचा उसाचा आंबट शिर्का, म्हणजे व्हिनेगर, होता. पण गावात तिचा वेगळाच बोभाटा होऊन दुपारपर्यंत चार म्हातारे 'पाहुण्यांना भेटायला' आले.

मिलाग्रोसबाईंनी बयाबाईचा हात हातात घेतला आणि तो आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असा मान देतात. बयाबाई सावध झाली. डोळे बारीक करून तिने भावाला विचारले, "आदीच शरण आली का काय? मग भांडायचं कुणाशी?"

घोंगडे अंथरले गेले. मटण, भाकरी झाली. जेवणे उरकली. मुहूर्त साधून बयाबाईने पदर खोचला, घसा खाकरला आणि अरबीतून तोंड उघडले.

मी खरे सांगतो, ते भाषण उत्तम होते. तिने इज्जतीपासून सुरुवात केली. विहिणीने वेळेवर फोन केला नाही, पोरीला दोन महिने सुट्टी मिळाली नाही, जीपवाल्याने उंबऱ्यापर्यंत गाडी आणली नाही, या साऱ्याचा दोष तिने मिलाग्रोसबाईंच्या पदरात टाकला. उच्चार घशाच्या तळातले. हातवारे चोख. मी शिक्षक म्हणून हरखून गेलो. शेवटी 'खलास!' म्हणून तिने काठी आपटली आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

मिलाग्रोसबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. कधी उठल्या, कुणी पाहिले नाही. हात पोटाशी जोडलेले. मान खाली. आणि अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "हादिर, मादाम."

हादिर, म्हणजे आपले 'हजर'.

बयाबाई गोंधळली. तिने आवाज चढवून पुन्हा जुलूम आणि अक्कल काढली. मिलाग्रोसबाईंची मान आणखी खाली गेली. "नआम, मादाम. हादिर." आणि त्या वाकून बयाबाईचे उष्टे ताट उचलू लागल्या.

"अरं ही करतीया काय?" बयाबाई ओरडली, आता मराठीत. "ताट ठेव! आर्जुना, तिला म्हणावं ताट ठेव!"

अर्जुना इलोकानोत काहीतरी बोलला. मिलाग्रोसबाईंनी ताट हळूच खाली ठेवले आणि बराच वेळ, ताटाकडे बघत, त्या बोलत राहिल्या. अर्जुनाच्या तोंडावरचे हसू पहिल्यांदाच पुसले गेलेले मी पाहिले.

"म्हंती," तो म्हणाला, "बारा वर्सं एका घरात हुते. अरबीत मला निस्तं 'व्हय' म्हणायला येतं. 'न्हाई' कसं म्हणायचं ते कवा शिकलेच न्हाई. म्हणायची येळच आली न्हाई."

माझा बिनतोड युक्तिवाद माझ्या घशाच्या तळाशी जाऊन बसला. शब्द कुठून आले, याचा मी काथ्याकूट केला होता. ते कोणी कोणाला ऐकवले, हे मी विचारलेच नव्हते. अर्जुनाच्या वहीत ते होते. 'हुकूम', 'माफी', 'उशीर झाल्यावर' या ओळींत अरबीची बाजू गच्च भरलेली, आणि 'चेष्टा', 'रुसवा', 'कांदा जास्त झाल्यावर' या ओळींत ती कोरी. मी ती पाने पाहिली होती. त्याने अरबी कमी लिहिली, असा शेरा मारला होता.

रोडेल आईजवळ गेला. अपेक्षा आत्याकडे बघत होती.

बयाबाई ताटाभोवती एक चक्कर मारून आली. मग तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझे सातही अर्ज आठवले. "मास्तर, तुमची भाषा बिनकामाची निगाली."

"हो."

"आर्जुना, इचार हिला. तिच्या घरात तिला 'न्हाई' म्हणता येतं का?"

त्याने विचारले. मिलाग्रोसबाईंनी मान वर केली.

"साआन!" त्या म्हणाल्या. म्हणजे 'नाही'. पण का कोण जाणे, ते म्हणताना त्यांच्या तोंडावर थोडेसे हसू होते. त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितले, जरा मोठ्याने. "साआन!"

"ह्यो आवाज बरा हाय," बयाबाई म्हणाली. "आता तू तुझ्यात भांड. मी माझ्यात भांडते. आर्जुना, निस्तं पयलं वाक्य सांग तिला: पयलं बाळंतपण हितं व्हणार. माहेरी. रीत हाय."

अपेक्षाने कपाळाला हात लावला. "आत्या, आवं अजून लगीन..."

पण अर्जुनाने सांगून टाकले होते, आणि मिलाग्रोसबाईंच्या भुवया केसांपर्यंत गेल्या.

"साआन!" आणि मग आधणात डाळ पडली. टकाटका, टकाटका, हात कमरेवर, एक पाय पुढे. नातवंड आपले, घर आपले, बाळंतिणीला शेकायचे ते आपणच, निखारे शेजारी ठेवून, महिनाभर. अर्जुना धापा टाकत भाषांतर करत होता.

"निखारं?" बयाबाई गरजली. "हिला निखारं ठावं हायत? बाजंखाली शेगडी ठेवायची असती म्हणावं! ववा टाकून! कुठलं लाकूड जाळती ती? इचार!"

त्याने विचारले. मिलाग्रोसबाईंनी लाकडाचे नाव सांगितले, ते किती रुंद, ते हातांनी दाखवले, आणि शेगडी बाजेखाली ठेवली तर पाठ भाजेल, हे स्वतःच्या पाठीवर चापट मारून दाखवले.

"पाठ भाजती? आरं, सात बाळंतिणी उठवल्या मी ह्या हातानं!" बयाबाईने सात बोटे दाखवली.

मिलाग्रोसबाईंनी नऊ दाखवली.

एवढ्यावर अर्जुनाचे काम संपले. दोघींनाही त्याची गरज उरली नाही. घोंगड्यावर बसून तो पोट धरून हसू लागला, टोपी घरंगळली, डोळ्यांतून पाणी आले. चार म्हातारे शिर्का विसरून एकदा इकडे, एकदा तिकडे माना वळवू लागले. बयाबाईने ओव्याची पुरचुंडी आणून नाचवली. मिलाग्रोसबाईंनी लसणाची वेणी नाचवली. एकीने अंगठा दाखवला, दुसरीने तो बाजूला केला. कुठल्याही भाषेच्या व्याकरणात न बसणारा असा संवाद मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यातले एकही वाक्य कुणाला कळले नाही असे म्हणण्याची माझी छाती नाही.

"आत्या, ऐका की!" अपेक्षा मध्ये पडली, आणि होणाऱ्या सासूला तिच्या भाषेत 'आई' म्हणून हाक मारली. "नानांग! मी नर्स हाय! बाळंतपण दवाखान्यात व्हणार. शेगडी न्हाई न् निखारं न्हाई!"

दोघी एकदमच तिच्याकडे वळल्या. दोघींचे उजवे हात एकदमच वर गेले.

"तू गप!"

"आगुलिमेक्का!"

रोडेल हसून हसून बाजेवर कोसळला. अपेक्षा तोंडावर हात घेऊन उभी राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांना जी धार लागली ती हसण्याची की कशाची, हे विचारायचे धाडस तिथे कोणी केले नाही. मी भाषाशास्त्रज्ञ असूनही केले नाही.

बयाबाई विहिणीसमोर उभी राहिली. दोघींना दम लागला होता. तिने मिलाग्रोसबाईंना वरून खाली न्याहाळले, बाजारात न्याहाळतात तसे, सावकाश. मग पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"दात चांगलं हायत," ती म्हणाली. "आर्जुना, सुपारी आण. फोडायची हाय."

सुपारी आली. बयाबाईने ती दगडावर ठेवून एका घावात फोडली, म्हणजे लग्न ठरले. तुकडे वाटले गेले. मलाही एक मिळाला. सभासमारंभांत मला सहसा काही मिळत नाही. मिलाग्रोसबाईंनी आपला तुकडा सराईतपणे गालात सारला, दोनदा चावला, तोंड वाकडे केले आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हंती?" बयाबाईने विचारले.

अर्जुना म्हणाला, "म्हंती, सुपारी जून हाय."

"जून? माझी सुपारी जून?" बयाबाईने पदर पुन्हा खोचला. "सांग तिला, परवापतुर हाय ती हितं. अजून लय येळ हाय."

अर्जुनाने सांगितले. मिलाग्रोसबाई घोंगड्यावर मांडी ठोकून बसल्या, लुगड्याला धरून त्यांनी बयाबाईलाही खाली ओढले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.